धुळे ते पंढरपूर : श्रद्धा, सत्संग आणि नागरिकत्वाची जबाबदारी ('गीता प्रवचने' व 'श्यामची आई' यांच्या संदर्भात एक चिकित्सा)

प्रास्ताविक

राजकीय अस्वस्थतेच्या काळात धर्मश्रद्धेचे कार्य कोणते, या प्रश्नाला आपल्याकडे साधारणतः दोन ठरावीक उत्तरे दिली जातात. श्रद्धा हा त्रस्त मनाचा विसावा आहे, तिने राजकारणात पडू नये, हे एक उत्तर. श्रद्धा हीच अस्वस्थतेचे मूळ आहे, म्हणून नागरी जीवनातून ती वजा करावी, हे दुसरे. दोन्ही उत्तरांत एक गृहीत समान आहे. श्रद्धा ही व्यक्तीच्या अंतःकरणातील गोष्ट असून तिला स्वतःचा असा समाज नसतो, असे दोन्ही पक्ष मानतात. वस्तुतः श्रद्धा क्वचितच एकटी असते. ती दिंडीत, मठात, आश्रमात, प्रार्थनासभेत, म्हणजे सोबतीत वाढते. म्हणून खरा प्रश्न असा की, श्रद्धेतून निर्माण झालेली ही सोबत सार्वजनिक अन्यायासमोर उभी राहते तेव्हा कशी वागते?

या प्रश्नाचा विचार मराठीतील दोन सर्वपरिचित ग्रंथांच्या आधारे करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विनोबा भावे यांची 'गीता प्रवचने' आणि साने गुरुजींची 'श्यामची आई' हे ते ग्रंथ होत. पहिल्याची वर्गवारी आध्यात्मिक वाङ्मयात आणि दुसऱ्याची संस्कारकथेत झाल्यामुळे ते सहसा एकत्र वाचले जात नाहीत. परंतु दोन्ही ग्रंथ राजबंद्यांच्या तुरुंगात, एकाच वर्षाच्या अंतराने सिद्ध झाले, आणि दोहोंच्या निर्मितीत साने गुरुजींचा हात आहे. तुरुंगाचा हा संदर्भ गळाला की एक ग्रंथ निरूपण उरतो आणि दुसरा मातृस्तोत्र. तो परत जोडला की दोन्ही ग्रंथ नागरिकत्वाविषयी काही सांगू लागतात, तसेच काही ठिकाणी अडखळतात. या अडखळण्याचीही दखल घेणे समीक्षेचे काम आहे.

धुळ्याचे रविवार

जानेवारी १९३२ मध्ये गांधीजींना अटक झाली, काँग्रेस बेकायदा ठरली आणि देशभर सत्याग्रहींनी तुरुंग भरले. धुळ्याच्या तुरुंगात विनोबा होते, जमनालाल बजाज होते आणि अमळनेरच्या शाळेतील शिक्षकी सोडून चळवळीत उतरलेले साने गुरुजीही होते. तेथे २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात, दर रविवारी एक याप्रमाणे, विनोबांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती बसल्या जागी टिपून घेतली. आज आपल्या हाती असलेला ग्रंथ त्या टिपणांतून उभा राहिला आहे.

या घटनेची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. वक्ता कैदी, श्रोते कैदी आणि लेखनिकही कैदी. येथे कोणी गादीवर बसलेला महाराज नाही आणि दक्षिणा देणारा यजमानही नाही. श्रोत्यांना एकत्र आणणारी गोष्ट जात, गाव किंवा पंथ ही नव्हती. अन्याय्य कायदा मोडण्याचे समान कृत्य त्यांना एकत्र आणीत होते. म्हणजेच येथे नागरी कृती आधी घडली आणि सत्संग नंतर जमला. मराठी भक्तिपरंपरेतील सत्संगाच्या कल्पनेला ही नवी जोड होती. प्रवचनांची भाषाही या बैठकीला साजेशी आहे. शास्त्रार्थाचे अवडंबर नाही. आई, शेतकरी, नदी, सूत, स्वयंपाक यांतले दाखले आहेत. ज्याला संस्कृत येत नाही अशा माणसाला बरोबरीच्या नात्याने बोलावणारी ती भाषा आहे.

न्यायाधीशाचा दाखला

पहिल्याच प्रवचनात विनोबा अर्जुनाच्या विषादाची चिकित्सा करतात आणि त्यासाठी एका न्यायाधीशाचा दाखला देतात. शेकडो अपराध्यांना फाशी देणाऱ्या न्यायाधीशापुढे एके दिवशी स्वतःचा मुलगाच खुनी म्हणून उभा राहतो, आणि त्या क्षणी न्यायाधीशाला देहान्त शिक्षा अमानुष वाटू लागते. युक्तिवाद कदाचित खरा असेल, पण तो सुचला आहे ममतेतून. अर्जुनाची अहिंसाही अशीच स्वजनांच्या आसक्तीतून आलेली आहे, हे विनोबांचे प्रतिपादन.

हा दाखला निव्वळ आध्यात्मिक नाही. आपला आणि परका यांच्यासाठी न्यायाची दोन मापे ठेवू नयेत, हे नागरी जीवनाचे पहिले सूत्र त्यात आहे. जातीय वा धार्मिक तणावाच्या काळात सज्जन माणसेही नेमकी या जागी घसरतात. दुसऱ्या समाजाने केलेला अत्याचार त्यांना अत्याचार दिसतो; आपल्या समाजाने केलेल्या अत्याचाराला मात्र पार्श्वभूमी सापडते. श्रद्धेच्या सोबतीची पहिली कसोटी म्हणून हा दाखला वापरता येतो : ही सोबत स्वजनांचा दोष उच्चारू देते काय?

दुसरी कसोटी सोळाव्या प्रवचनात सापडते. आसुरी संपत्तीचे विवेचन करताना विनोबा सत्ता, संस्कृती आणि संपत्ती अशा तीन महत्त्वाकांक्षा सांगतात. सत्ता आणि संपत्ती यांचा लोभ निंद्य असल्याचे कोणीही सांगेल. परंतु आपलीच संस्कृती श्रेष्ठ आणि ती जगावर पसरली पाहिजे, ही आकांक्षाही त्याच पंक्तीत बसविणे हे धाडसाचे होते. युरोपात वंशश्रेष्ठत्वाचे राजकारण सत्तेच्या उंबरठ्यावर आले असताना, आणि आपल्याकडेही संस्कृतीच्या नावाने संघटना बांधल्या जात असताना हे विवेचन झाले आहे. धर्मग्रंथावरील प्रवचनातच सांस्कृतिक अहंकाराची आसुरी म्हणून गणना व्हावी, हे या ग्रंथाचे मोठे बळ होय.

तिसरी कसोटी सतराव्या प्रवचनातील आहे. माणूस जन्मतःच तीन संस्थांशी बांधलेला असतो : स्वतःचे शरीर, समाज आणि सृष्टी. आपण तिन्हींची झीज करतो, म्हणून ती भरून काढणे क्रमप्राप्त ठरते. सृष्टीची झीज यज्ञाने, समाजाची दानाने आणि शरीराची तपाने भरून निघते. येथे दान हा शब्द परोपकाराच्या पातळीवरून कर्जफेडीच्या पातळीवर येतो. देणारा वरच्या पायरीवर नसतो, कारण तो ऋणकोच असतो. नागरी कर्तव्याची इतकी नेमकी आणि भावविवशतेपासून मुक्त मांडणी त्या काळच्या मराठी धार्मिक गद्यात विरळाच आढळते.

तथापि या मांडणीत एक गंभीर अडचण आहे. दुसऱ्या प्रवचनात विनोबा स्वधर्म हा शोधावा लागत नाही, तो आईप्रमाणे आपल्या आधीच उपस्थित असतो, असे सांगतात. सत्याग्रही श्रोत्याला यातून धीर मिळाला असेल. पण जातिव्यवस्थेत जन्मलेल्या कोट्यवधी माणसांच्या वाट्याला जन्माबरोबर जे 'आधीच उपस्थित' असलेले कर्तव्य आले ते मैला वाहण्याचे, मेलेली जनावरे ओढण्याचे होते. त्यांच्यासाठी स्वधर्म नाकारणे हीच मुक्तीची पहिली पायरी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये शास्त्रांच्या प्रामाण्यावरच घाव घातला, त्यामागील तर्क हाच आहे. विनोबांचा स्वधर्म सेवेकडे नेतो हे खरे. पण तो नाकारण्याचा अधिकार कोणाला आहे, याविषयी ग्रंथ पुरेसे बोलत नाही. प्रवचनमाला जूनमध्ये संपली आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुणे करार झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे हे मौन अधिकच जाणवते.

श्यामच्या रात्री आणि एक आंघोळ

पुढल्याच वर्षी, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत, नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. ती १९३५ मध्ये प्रकाशित झाली. या पुस्तकातील प्रकरणांना प्रकरण न म्हणता 'रात्र' म्हटले आहे, आणि श्याम आपल्या आठवणी सांगतो तो आश्रमातील मित्रांना. दिवसाचे काम आटोपल्यावर सोबती जमतात आणि एक जण आईविषयी बोलतो, ही ती चौकट. धुळ्याच्या रविवारांचेच हे घरगुती रूप आहे, असे म्हणता येईल. समीक्षकांनी या पुस्तकातील अश्रूंची पुष्कळ चर्चा केली. श्रोत्यांच्या या मंडळाची चर्चा मात्र त्या मानाने कमी झाली.

प्रस्तुत संदर्भात 'देवाला सारी प्रिय' ही रात्र महत्त्वाची आहे. एक वृद्ध महार स्त्री मोळी उचलता न आल्याने रस्त्यात अडून बसली आहे. कोणी हात लावीत नाही. आई श्यामला मोळी उचलून देण्यास पाठविते आणि घरी आल्यावर आंघोळ करण्यास सांगते. आपल्या वर्गांत हा प्रसंग करुणेचा आदर्श म्हणून शिकविला जातो आणि तो तसा आहेही. एका कोकणस्थ ब्राह्मण घरातील स्त्रीने त्या काळी रूढीविरुद्ध इतके पाऊल टाकावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु ती आंघोळ आपण शिकविताना वगळतो. लेखकाने मात्र ती वगळलेली नाही. आईवर अपार भक्ती असलेल्या लेखकाला ते वाक्य सहज गाळता आले असते. ते राहिले, म्हणून प्रसंग खरा राहिला : दया अस्पृश्यतेच्या सीमेपर्यंत जाऊन परत फिरते, हे वाचकाला दिसते.

हे पुस्तक ज्या नाशिकमध्ये लिहिले गेले, त्याच शहरात २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झालेला होता. ज्या वर्षी ते प्रकाशित झाले, त्याच वर्षी १३ ऑक्टोबर रोजी येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. मोळी उचलून देणारा हात आणि दार उघडण्याची मागणी यांतील अंतर या तारखांवरून कळते. मोळी उचलणे हा एका व्यक्तीचा चांगुलपणा आहे. तो न मिळाला तर वृद्धेला तक्रार करता येत नाही. दार उघडणे हा हक्क आहे. तो नाकारला गेला तर समाजाला जाब विचारता येतो. श्रद्धेचे नागरिकत्वात रूपांतर होते ते चांगुलपणाकडून हक्काच्या स्वीकाराकडे जाताना. साने गुरुजींना हे अंतर तोडायला आणखी बारा वर्षे लागली.

पंढरपूर, मे १९४७

स्वातंत्र्य उंबरठ्यावर होते, फाळणीच्या दंगलींनी देश होरपळत होता. अशा वेळी पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराची दारे अस्पृश्यांना बंद असणे साने गुरुजींना असह्य झाले. त्यांनी कित्येक महिने महाराष्ट्रभर दौरा केला. राष्ट्र सेवा दलाचे तरुण आणि कलापथक त्यांच्या सोबत होते. गावोगावची मंदिरे आणि पाणवठे खुले झाले. बडवे बधेनात, तेव्हा १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरात उपोषण आरंभले. ते दहा दिवस चालले. दादासाहेब मावळंकर यांच्या मध्यस्थीने मंदिर खुले करण्याचे मान्य झाले आणि १० मे रोजी उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांताने हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदाही केला.

या उपोषणावर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला आक्षेप गांधीवादाच्या आतून येतो. प्राण पणाला लावून दुसऱ्याचे मत बदलविणे हे हृदयपरिवर्तन की दडपण? स्वतः गांधीजींना हे उपोषण पसंत नव्हते. दुसरा आक्षेप दलित चळवळीच्या बाजूने येतो. १९४७ पर्यंत ती चळवळ मंदिरप्रवेशाच्या फार पुढे गेली होती; शिक्षण, राजकीय प्रतिनिधित्व आणि घटनात्मक हक्क हे तिचे विषय होते. मग ज्यांनी देवळाकडे पाठ फिरविली त्यांच्यासाठी देऊळ उघडण्याचा खटाटोप कशासाठी?

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर शोधताना उपोषणाचा खरा रोख कोणावर होता, हे पाहावे लागते. तो अस्पृश्यांवर उपकार करण्याचा नव्हता. तो सवर्णांना उद्देशून होता. दार बंद ठेवणाऱ्यांचा अपराध त्यांच्यापैकीच एकाने स्वतःच्या शरीरावर घेतला. न्यायाधीशाच्या दाखल्यात जे तत्त्व होते ते येथे आचरणात आले : स्वजनांचा दोष स्वजनांसमोर, त्यांच्याच देवाच्या दारी उच्चारला गेला. दलितांना मंदिर हवे की नको हा त्यांचा प्रश्न राहिला. सवर्णांना बंद दाराचा विठोबा चालतो की नाही, हा प्रश्न मात्र सवर्णांपुढे ठेवला गेला. दान ही कर्जफेड होय, हे सतराव्या प्रवचनातील सूत्र लेखनिकाने येथे आचरणात आणलेले दिसते. आणि श्यामच्या बालपणातील ती आंघोळही येथे, चार दशकांनी का होईना, मागे घेतली गेली.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर इतके सरळ नाही. उपोषणात दडपण असतेच. बचावादाखल इतकेच म्हणता येते की, आधीच्या दौऱ्यात लोकमत उघडपणे घडविले गेले होते, आणि उपोषण हे त्या सार्वजनिक संवादाचे शेवटचे पाऊल होते. तरीही या आक्षेपाचे वजन कमी होत नाही, कारण त्याला विनोबांनी स्वतःच्या वर्तनातून वेगळे उत्तर दिले आहे. १९५३ मध्ये देवघरच्या वैद्यनाथ मंदिरात हरिजनांसह जाताना विनोबा आणि त्यांचे सहकारी यांना पंड्यांचा मार खावा लागला. १९५५ मध्ये जगन्नाथपुरीला सोबतच्या फ्रेंच महिलेला प्रवेश नाकारला गेला, तेव्हा ते स्वतःही दर्शन न घेता परतले. आणि १९५८ मध्ये, पंढरपुरातच, संबंधितांची संमती मिळाल्यावर ते अन्य धर्मीय सहकाऱ्यांसह विठ्ठलाच्या दर्शनाला गेले. ज्या दारातून माझी सोबत आत जाऊ शकत नाही त्या दारातून मीही जाणार नाही, ही त्यामागील भूमिका होती. १९४७ चा आग्रह आणि १९५८ चा संयम यांतील एकच निवडण्याची गरज नाही. पहिल्याने दार उघडले नसते तर दुसऱ्याला त्या दारी इतक्या शांतपणे उभे राहता आले असते काय, हा प्रश्न उरतोच.

पवनार, १९७५

येथवरचा आलेख चढता आहे. परंतु चिकित्सेने येथेच थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी लागू झाली. जयप्रकाश नारायण यांनी १९५४ मध्ये भूदानासाठी जीवनदान जाहीर केले होते. आता ते तुरुंगात होते आणि बिहार आंदोलनाच्या प्रश्नावर सर्वोदयाचे सोबती आधीच दुभंगलेले होते. विनोबा पवनारला वर्षभराच्या मौनात होते. या काळात त्यांच्या नावावर 'अनुशासन पर्व' हे शब्द प्रसृत झाले आणि सरकारी प्रचाराने त्यांचा मुक्त वापर केला. २५ डिसेंबर १९७५ रोजी मौन सुटल्यावर विनोबांनी शासन राज्यकर्त्यांचे आणि अनुशासन आचार्यांचे, असा भेद स्पष्ट केला. जानेवारी १९७६ मध्ये पवनारला भरलेल्या आचार्य संमेलनाने परिस्थिती पूर्ववत करण्याची शिफारसही केली. सरकारने ती मानली नाही.

विनोबांचा हेतू निर्मळ होता, हे मान्य करूनही एक प्रश्न विचारावा लागतो. त्यांच्या शब्दांचा वापर त्यांच्याच सहकाऱ्यांना कोंडणाऱ्या सत्तेकडून होत असताना सहा महिने ते शब्द तसेच राहू देणे नागरी जबाबदारीत बसते काय? प्रस्तुत लेखकाच्या मते बसत नाही. याचे कारण व्यक्तीच्या धैर्यात शोधण्यापेक्षा सोबतीच्या घडणीत शोधावे. सर्वोदयाच्या मंडळीत सर्वसंमतीला अतोनात मोल होते. सर्वसंमती ही सुंदर गोष्ट आहे; पण मतभेद बोलून दाखविण्याची रीत जेथे विकसित झालेली नसते, तेथे सर्वसंमतीचे शांततेत आणि शांततेचे संमतीत रूपांतर होण्यास वेळ लागत नाही. सतराव्या प्रवचनातील शरीर, समाज आणि सृष्टी या त्रयीत राज्यसंस्थेला स्वतंत्र स्थान नाही, हेही येथे आठवते. राज्य ही समाजाची केवळ एक बाजू नव्हे. तिच्या हाती तुरुंगाच्या किल्ल्या असतात. धुळ्यातील प्रवचनकार स्वतः तुरुंगात असल्याने ही गोष्ट वेगळी सांगण्याची तेव्हा गरज भासली नसावी. १९७५ मध्ये ती भासली, आणि मांडणीतील उणीव उघडी पडली.

त्याच डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे जाहीर आवाहन केले आणि लेखनस्वातंत्र्याचा प्रश्न राज्यकर्त्यांसमोर मांडला. पुढील वर्षी त्यांना अटकही झाली. आश्रम नसलेल्या, अनुयायी नसलेल्या एका विदुषीने प्रार्थनेला नागरी कृतीचे रूप दिले, हा त्या काळाचा बोध आहे.

समारोप

या विवेचनातून तीन निष्कर्ष हाती येतात. एक, श्रद्धेच्या सोबतीचे मोल तिच्या जिव्हाळ्यावरून ठरत नाही; ती स्वजनांचा दोष किती स्पष्टपणे उच्चारू देते, यावरून ठरते. दोन, करुणा ही नागरी जबाबदारीची सुरुवात असली तरी समोरच्याचा हक्क मान्य केल्याशिवाय ती पूर्ण होत नाही. तीन, सत्तेपुढे उभे राहण्यासाठी सोबतीला एकमताइतकीच मतभेदाचीही शिस्त लागते.

अध्यापक म्हणून यातील प्रत्येक निष्कर्षाचा संबंध आपल्याशी पोहोचतो. १९६८ मध्ये विनोबांनी 'आचार्यकुल' स्थापन केले ते शिक्षकाने सत्तेपासून स्वतंत्र राहून समाजाला निर्भय, निःपक्ष मार्गदर्शन करावे या अपेक्षेने. तो प्रयोग कितपत यशस्वी झाला याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. अपेक्षा मात्र आजही शिळी झालेली नाही. तिची सुरुवात मोठ्या ठरावांनी होण्याची आवश्यकता नाही. मोळीचा प्रसंग शिकविताना ती आंघोळ न गाळता वर्गापुढे ठेवावी, आणि मागील बाकावरून त्यावर जो प्रश्न येईल तो पूर्ण ऐकून घ्यावा. वर्गात त्या वृद्धेच्या आणि श्यामच्या, दोघांच्याही घरची मुले बसलेली असतात. ती दोघे एकमेकांसमोर मोकळेपणाने बोलू शकली, तर धुळ्याच्या त्या रविवारांचे काही ऋण आपल्या हातून फिटेल.